पाठ एकदाच, उत्तरही एकदाच

वाचकाचं पत्र (संक्षिप्त):

‘मी ३१ वर्षांची आहे, नोकरी करते. मुलगा अडीच वर्षांचा आहे. लहानपणापासून माझी देवावर श्रद्धा आहे. रोज संध्याकाळी एक पाठ म्हणते, पूर्वी त्याला वीस मिनिटं लागायची. मुलाच्या जन्मानंतर काही आठवड्यांनी, पाठ म्हणताना देवाबद्दल अतिशय घाणेरडा शब्द मनात आला. मी हादरले. कान धरले, माफी मागितली, पाठ पहिल्यापासून म्हटला. तेव्हापासून ते रोज चालू आहे. कधी शिवी येते, कधी सांगता येणार नाही असं चित्र. आलं की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आता दोन-अडीच तास जातात. मुलगा वाट बघून झोपून जातो. मग भीती वाटते की माझ्या पापाची शिक्षा त्याला होईल. नवऱ्याला विचारते, “मी मुद्दाम नाही ना केलं?” तो “नाही” म्हणाला की बरं वाटतं, पण रात्री पुन्हा विचारते. तो म्हणतो, हे सगळं देवधर्माचं खूळ आहे, बंदच कर. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना थोडंसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मन अशुद्ध झालंय, जप वाढव. जप वाढवला, विचारही वाढले. मी पापी आहे का? मला खरंच देवाचा राग येतो का? की वेड लागतंय? उद्या मुलालाही हे होईल का? कधी कधी वाटतं मी नसलेलीच बरी, निदान तो तरी सुरक्षित राहील.’
– एक आई

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते. ‘मी नसलेलीच बरी’ हा विचार बाकीच्या नकोशा विचारांसारखा नुसता येऊन जातो, की त्यामागे खरोखर मरावंसं वाटणं आहे, हे पत्रावरून ठरवता येत नाही. अशा त्रासात दोन्ही घडतं. म्हणून हे वाक्य नवऱ्याला आजच सांगा, सौम्य न करता, जसंच्या तसं. मरावंसं वाटत असेल, कसं मरायचं याचे बेत मनात येत असतील, तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि तोवर एकट्या राहू नका. आपण नसलो की मुलगा सुरक्षित, हा हिशेब आजाराने मांडलेला आहे. अडीच वर्षांच्या मुलाला आई लागते.

आता तुमचा प्रश्न. मी पापी आहे का, मला देवाचा राग येतो का, वेड लागतंय का: एकच प्रश्न तुम्ही तीन तऱ्हांनी विचारला आहे. त्याचं उत्तर मी एकदाच देणार आहे. नाही.

तुम्ही लिहिलेलं सगळं ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळ या मानसिक आजाराच्या, एका जुन्या, नीट अभ्यासलेल्या प्रकाराशी जुळतं. हात धुण्याचा किंवा कुलूप तपासण्याचा मंत्रचळ लोकांना माहीत असतो. पापाचा, देवनिंदेचा मंत्रचळ तितकाच खरा असतो, पण त्याचा बराचसा खेळ डोक्याच्या आत चालतो, म्हणून घरच्यांना दिसतो तो फक्त लांबलेला पाठ. नक्की निदान मानसोपचारतज्ज्ञ तुमच्याशी समोरासमोर बोलून करतील.

माझं हे ‘नाही’ तुम्हाला फार तर आज रात्रीपर्यंत पुरेल. मग शंका येईल की मी पत्रात नीट सांगितलंच नाही, खरं काय ते कळलं असतं तर त्या असं म्हणाल्या नसत्या. ती शंका आली की मला पुन्हा लिहू नका. लिहिलंत तर मी उत्तर देणार नाही. हे कठोर वाटेल, पण तुम्हाला बरं वाटावं असं मनापासून वाटतं म्हणूनच मी हे ठरवलं आहे, आणि पुढचं सगळं लिहिते आहे ते त्याचं कारण सांगायला.

आधी त्या शब्दाबद्दल. असे शब्द आणि अशी चित्रं माणसांच्या मनात येतात. श्रद्धावंतांच्या येतात, नास्तिकांच्याही. १९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी ओसीडी असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे नकोसे विचार गोळा करून शेजारी शेजारी ठेवले. नुसत्या मजकुरावरून कुठला विचार रुग्णाचा आणि कुठला निरोगी माणसाचा, हे जाणकारांनाही धड ओळखता येईना. रुग्णांना ते विचार जास्त वेळा येत, जास्त रेंगाळत, जास्त छळत, हा फरक मात्र होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना हेच विचारलं गेलं. सुमारे ९४ टक्क्यांनी सांगितलं की गेल्या तीन महिन्यांत नको असलेला, न बोलावलेला निदान एक विचार मनात घुसला होता.

तुमच्या शेजारी बसून प्रार्थना करणाऱ्या माणसालाही कधीतरी भलताच शब्द सुचून गेलेला असतो. तो पुढची ओळ म्हणतो. अर्ध्या तासाने त्याला ते आठवतही नाही.

तुमचं मन नेमकं देवापाशीच का अडखळतं? कारण तिथे तुम्ही पहारा बसवला आहे. ज्याला धर्माचं काही पडलेलं नाही, त्याला देवाबद्दल शिवी सुचली तर तो खांदे उडवून पुढे जाईल. ओसीडी माणसाला धरतं ते त्याला जिवापाड जपायचं असतं त्या जागी. बाळावर प्राण ओवाळून टाकणाऱ्या आईला बाळाला इजा करण्याची चित्रं दिसतात. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाला आपण सहज बोलताना खोटं बोललो का, या शंकेने झोप लागत नाही. तुम्हाला देव प्रिय आहे, आणि मूल प्रिय आहे. तुमचे विचार या दोघांभोवतीच फिरतात, हे पत्र वाचताना लगेच जाणवतं.

पहारा बसवल्याने काय होतं, हे डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली एका साध्या प्रयोगात दाखवलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. नंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा तो त्यांच्या मनात सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षा जास्त आला. विचार आला नाही ना, हे बघायचं तर त्याचीच आठवण ठेवावी लागते. पाठाला बसताना ‘आज तो शब्द यायला नको’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा तो शब्द तिथे आधीच आलेला असतो.

आणखी एक गाठ सोडवायची आहे. १९९६ साली रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसीडीतल्या एका समजुतीचं मोजमाप मांडलं. विचार आणि कृती यांच्यातलं अंतरच पुसलं जाणं, असं तिचं वर्णन करता येईल. तिचे दोन चेहरे असतात. एक, वाईट विचार मनात येणं हे वाईट काम करण्याइतकंच आहे. दोन, विचार केल्याने ती गोष्ट घडण्याची शक्यता वाढते. तुमच्या पत्रात दोन्ही आहेत: शब्द मनात आला म्हणून मी पापी, आणि शब्द मनात आला म्हणून मुलाला शिक्षा. पण त्या शब्दाची इच्छा तुम्ही केली नाहीत, तो कुणाला ऐकवला नाहीत, तो पुन्हा पुन्हा यावा म्हणून वाट पाहिली नाहीत. संकल्प आणि मनात उमटलेली लहर यांत फरक असतो, आणि हा फरक मानसशास्त्राने काल-परवा शोधलेला नाही. गीतेत अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे. कृष्ण त्यावर रागावत नाही, ते कठीणच आहे हे मान्य करून पुढे बोलतो. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, नोंद आहे की काही अनुयायी पैगंबरांकडे आले आणि म्हणाले, आमच्या मनात असं काही येतं की ते तोंडातून काढणंही आम्हाला भयंकर वाटतं. पैगंबरांनी त्या भयंकर वाटण्यालाच श्रद्धेची स्पष्ट खूण म्हटलं.

हे वाचून बरं वाटलं असेल. उद्या मन म्हणेल, अर्जुनाला शिव्या कुठे सुचत होत्या? तेव्हा या उताऱ्याकडे परत येऊ नका. दिलासा हाच इथे अडचणीचा भाग आहे.

त्या पहिल्या संध्याकाळी काय घडलं ते बघा. शब्द आला, ही घटना साधी होती. तुम्ही कान धरलेत, माफी मागितलीत, पाठ पहिल्यापासून म्हटलात, आणि जीव भांड्यात पडला. आजार त्या सुटकेतून उभा राहिला. मेंदू त्यातून दोन गोष्टी शिकला: शब्द खरोखरच धोक्याचा होता, आणि आपण वाचलो ते पाठ पुन्हा म्हटल्यामुळे. खाज सुटली की खाजवावं, क्षणभर बरं वाटावं आणि कातडी आणखी चिघळावी, तसं हे चालतं. जप वाढवला तसे विचारही वाढले, असं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. ते अगदी बरोबर टिपलंत.

हे खाजवणं किती रूपांत चालतं याची तुम्हाला कदाचित पूर्ण कल्पना नसेल. पाठ पुन्हा म्हणणं दिसतं. पण वाईट शब्दावर मनातल्या मनात चांगला शब्द ठेवणं, आलेलं चित्र पुसून त्या जागी स्वच्छ चित्र काढणं, देवाच्या प्रतिमेकडे बघायचं टाळणं, प्रायश्चित्तांबद्दल रात्री फोनवर वाचत बसणं, आणि ‘तो शब्द आला तेव्हा मला नेमकं काय वाटत होतं, राग होता का, किंचित मजा वाटली का’ हे आठवून बघणं, हीसुद्धा त्याचीच रूपं आहेत. शेवटचं सर्वांत वाईट, कारण ते प्रामाणिक आत्मपरीक्षणासारखं दिसतं. मार्सेल व्हान देन हाउट आणि मेरेल किंट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ साली लोकांना संगणकावर दाखवलेल्या गॅसच्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. वारंवार तपासणाऱ्यांना शेवटची तपासणी इतरांइतकीच बरोबर आठवत होती, पण आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा घसरला होता. बटणांचं असं होतं, तर दोन-अडीच वर्षांपूर्वी मनात चमकून गेलेल्या एका क्षणाचं काय होत असेल? ‘मी मुद्दाम केलं का’ या प्रश्नाचं पक्कं उत्तर तपासून मिळत नाही. जितकं तपासाल तितकं ते दूर जातं.

या बाबतीत इग्नेशियस लोयोला यांची हकिकत मी अनेकांना सांगते. पुढे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची स्थापना करणारे हे स्पॅनिश संत १५२२ साली मानरेसा या गावी राहत होते. आयुष्यातल्या सगळ्या पापांची कबुली त्यांनी लिहून काढून दिली होती, त्याला तीन दिवस लागले होते. तरी काहीतरी सांगायचं राहिलं, ही शंका जाईना. पुन्हा कबुली, पुन्हा शंका. खोलीतल्या एका भोकातून उडी टाकून जीव द्यावा, इथवर मजल गेली. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितलं, जुनं काही सांगू नकोस, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. उपयोग झाला नाही, कारण त्यांना सगळंच अगदी स्पष्ट वाटत होतं. आठवडाभर उपास केला. दोन दिवस मन शांत राहिलं, तिसऱ्या दिवशी तेच सुरू. शेवटी त्यांनी ठरवलं की जुन्या पापांची कबुली यापुढे द्यायचीच नाही. एकही नाही. तिथून त्यांची सुटका झाली. धर्मगुरूंच्या सल्ल्यात ‘स्पष्ट असेल तेवढं’ ही जी फट होती, तिच्यातून आजार आत येत होता. ती फट बुजवल्यावर तो थांबला. त्यांची श्रद्धा कमी झाली नाही, हे तर पुढच्या इतिहासाने दाखवलंच.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते थकले आहेत आणि त्यांना तुमची काळजी आहे, हे उघड आहे. पण ‘देवधर्म बंद कर’ हा सल्ला मला मान्य नाही. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०७ साली धार्मिक विधी आणि मंत्रचळातल्या कृती यांच्यातलं साम्य दाखवलं आणि धर्म हा सगळ्या मानवजातीचा मंत्रचळच आहे, इथवर ते गेले. साम्य वरवरचं आहे. ओसीडी श्रद्धावंतांनाच होतो असं नाही. शंभरातल्या दोघा-तिघांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि त्यांत देव न मानणारेही असतात. धर्म आजाराला विषय पुरवतो. तो विषय काढून घेतला तर आजार दुसरा शोधतो. देव सोडलात तर मुलाचं आरोग्य किंवा गॅसचं बटण हाताशी आहेच. शिवाय भीतीपोटी पाठ टाळणं हेही खाजवण्याचंच एक रूप आहे.

वडीलधाऱ्या बाईंचा सल्ला त्याहून जास्त त्रास देणारा ठरला, पण त्यांनीही तो चांगल्या मनाने दिला. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत कदाचित तो खराही असेल. ज्याला हा आजार नाही, त्याचा पाठ संपतो. मनात इकडचं तिकडचं आलं तरी तो संपतो आणि माणूस स्वयंपाकाला, कामाला, पोराबाळांना लागतो. तुमचा पाठ संपत नाही. शेवटची ओळ कधी आली हे तुम्ही ठरवत नाही, तुमची भीती ठरवते. श्रद्धेतली शिस्त आणि मंत्रचळ यांच्यातली इतकी स्वच्छ खूण मला दुसरी माहीत नाही. आणखी एक गोष्ट हळूच विचारते. या दोन-अडीच तासांत तुम्ही देवाशी किती बोलता? की सगळा वेळ स्वतःवर नजर ठेवण्यातच जातो?

उपचाराकडे वळू. या आजारावर सर्वांत जास्त कसाला लागलेली मानसोपचार पद्धत म्हणजे ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’. भीती वाटते त्या गोष्टीला ठरवून सामोरं जायचं आणि तिच्यावरचा नेहमीचा उतारा करायचा नाही. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली लंडनमधून या रीतीने बरे केलेले पहिले दोन रुग्ण जगापुढे मांडले. त्यांतल्या एकीचा त्रास धर्माशी निगडित नकोशा विचारांचाच होता. तेव्हापासून ही पद्धत खूप घासूनपुसून तयार झाली आहे आणि ती पूर्ण करणाऱ्या बहुतेकांना ठळक फरक पडतो.

ती घरात कशी दिसते ते सांगते. पाठ सुरू आहे. सातव्या ओळीला शब्द येतो. छातीत धस्स होतं, हात गार पडतात, जीभ पहिल्या ओळीकडे वळायला बघते. तुम्ही आठवी ओळ म्हणता. शब्द पुन्हा येतो, आता चित्रासकट. तुम्ही नववी ओळ म्हणता. आवाज चढवायचा नाही, वेग वाढवायचा नाही, शब्द झाकायला मनात दुसरं नाव घ्यायचं नाही, डोळे मिटून घ्यायचे नाहीत. शेवटची ओळ झाली की नमस्कार करून उठायचं. पाठ नीट झाला असं वाटणार नाही. तसं वाटायची वाट न बघता उठणं, हाच सगळा सराव आहे. पुढचा अर्धा-पाऊण तास वाईट जाईल. पोटात गोळा येईल, मुलाच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना बघावंसं वाटेल. बघू नका. तो खेळत असेल तर त्याच्याशी खेळा, गोळा पोटात तसाच असू द्या. मन विचारेल, हे पाप झालं तर? त्याला उत्तर एवढंच: ‘असेल, नसेल, मला आज ते ठरवायचं नाही.’ हे वाक्य पहिल्यांदा उच्चारताना अंगावर काटा येईल. तेही मंत्रासारखं घोकू नका, नाहीतर त्याचाच नवा जप होईल. एकदा म्हणायचं आणि हातातल्या कामाला लागायचं. भीती कधी अर्ध्या तासात ओसरेल, कधी रात्रभर रेंगाळेल. ती किती लवकर गेली यावर यश मोजायचं नाही, पाठ पुन्हा न म्हणता तुम्ही उठलात का, यावर मोजायचं.

सगळं एका संध्याकाळी एकटीने करायला जाऊ नका. जमणार नाही, आणि न जमल्याचं दुःख नव्याने होईल. ही पद्धत येणारा मानसशास्त्रज्ञ तुमच्या भीतींची सोप्याकडून अवघडाकडे अशी उतरंड लावून घेईल. सुरुवात कदाचित पुन्हा म्हणण्याआधी दहा मिनिटं थांबण्याने होईल. देवाला शिव्या द्यायला किंवा तुमच्या धर्मात निषिद्ध असलेलं काही करायला कुणी लावण्याची गरज नसते. साधा, निरोगी भाविक जेवढं सहज करतो, तेवढं तुम्हाला पुन्हा करता यावं, इतकंच साधायचं असतं. पहिल्याच भेटीत विचारा: तुम्ही ओसीडीसाठी ही पद्धत वापरता का, आणि माझ्या श्रद्धेचा मान ठेवून कराल का? नुसतं ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणारा तज्ज्ञ तुमच्या कामाचा नाही.

औषधांचाही उपयोग होतो. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालीन, फ्लुव्होक्सामिन ही नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या औषधांतली नेहमीची नावं. जुन्यांपैकी क्लोमिप्रामिनही आहे. ओसीडीत त्यांचा डोस नैराश्यापेक्षा बरेचदा जास्त लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत काही वाटलं नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. मूल अजून अंगावर पीत असेल किंवा पुन्हा दिवस जाण्याचा विचार असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. गोळी घेतल्याने तुमच्या श्रद्धेला उणेपणा येत नाही. आणि हे सगळं बाळंतपणानंतर सुरू झालं, यातही नवल नाही. गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे महिने हा ओसीडी पहिल्यांदा उफाळण्याचा किंवा आधीचा वाढण्याचा ओळखीचा काळ आहे. हेही डॉक्टरांना सांगा.

यजमानांसाठी दोन ओळी. ‘मी मुद्दाम नाही ना केलं?’ या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ म्हणता ते प्रेमापोटी, पण त्या ‘नाही’ने प्रश्न जगतो. दोघांनी शांत वेळी बसून ठरवा की यापुढे उत्तर द्यायचं नाही, आणि मग विचारणा झाली की म्हणा: ‘हा आजाराचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर मी देत नाही, पण मी इथेच बसलोय.’ चिडून म्हणालात तर ते शिक्षेसारखं लागेल. आणि हे तिला न सांगता अचानक सुरू करू नका.

तुम्हाला कुणा धर्मगुरूंना विचारावंसं वाटत असेल तर जरूर विचारा, पण एकदाच आणि एकाच व्यक्तीला. आजाराबद्दल मोकळेपणाने सांगा आणि सरळ नियम मागा: पाठ किती वेळा, चुकला तर काय. ‘मन लागलं नाही तर’ अशी पळवाट न ठेवता दिलेलं उत्तर हवं. ते मिळालं की दुसऱ्याकडे जाऊ नका.

मुलाबद्दल. आईवडिलांपैकी एकाला ओसीडी असेल तर मुलांत त्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे खरं आहे. तरीही अशा बहुसंख्य मुलांना तो होत नाही. तुमचा विचार त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या सवयी मात्र त्याला दिसतात. मन ‘शुद्ध’ झाल्याशिवाय त्याला उचलायचं नाही किंवा त्याच्यासाठी वेगळा जप करायचा, असं काही सुरू झालं असेल तर पहिल्या भेटीत तेही सांगा. सोडायच्या गोष्टींत त्याचा क्रम वर लागेल.

त्या भेटीबद्दल शेवटचं. या आजाराचे लोक डॉक्टरांसमोर ‘टेन्शन येतं’, ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगून परततात, कारण खरा शब्द तोंडातून निघत नाही. मग वर्षं जातात. तुम्हाला तो शब्द उच्चारण्याची गरज नाही. ‘देवाबद्दल घाणेरडे विचार येतात, बोलवत नाहीत’ एवढं पुरे. १९८९ साली प्रसिद्ध झालेली येल-ब्राउन मोजपट्टी जगभर ओसीडीसाठी वापरतात, आणि तिच्या सोबतच्या यादीत देवनिंदेच्या विचारांची स्वतंत्र नोंद आहे. समोरच्या माणसाने ते याआधी ऐकलेलं असेल. यजमानांना बरोबर न्या, कारण पाठाला लागणारा वेळ तुम्ही लाजेने कमी करून सांगाल.